दहावा शब्द कुंपणाबाहेर

मी, खाली सही करणारी मिल्का शिमशोन पेझारकर, वय एकोणऐंशी, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी कोणाला काही कबूल केलं असेल, तर ते रद्द समजावं.

धर्माने मी यहुदी, बेने इस्राएल. गावात आमचं एकच घर. माझे पती शिमशोन पशुसंवर्धन खात्यात जनावरांचे डॉक्टर होते. लोहाऱ्याहून बदली होऊन इथं आले आणि इथलेच झाले. मला दोन अपत्यं. थोरला एलिया इस्राएलात रब्बी आहे. धाकटी दीना सोलापूरला शिक्षिका आहे.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, पुढची पडवी आणि न्हाणीघर दीनाला. तिनं ते विकलं तरी माझी हरकत नाही. दारच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे पवित्र वचनांची डबी, मात्र तिनं स्वतःच्या हातानं काढावी आणि सोबत न्यावी.

कलम दुसरे, चांदीची थाळी आणि नाणी. आमच्यात पहिला मुलगा देवाचा असतो, आणि कोहेनला चांदी देऊन तो सोडवून घ्यावा लागतो. कोहेन म्हणजे जुन्या मंदिरातल्या याजकांच्या वंशातला. ते जन्मानं मिळतं, शिकून होता येत नाही. बेने इस्राएलांत कोहेन नाहीत, म्हणून एलियाच्या वेळी पुण्याहून यहेज्केल कोहेन एसटीनं लोहाऱ्याला आले. एलियाला या थाळीत ठेवलं होतं. कोहेननी रीतीप्रमाणे विचारलं, मुलगा हवा की चांदी? शिमशोन म्हणाले, मुलगा. जेवण झाल्यावर त्या भल्या माणसानं नाणीही बाळाच्या मुठीत ठेवली आणि गेले. आता मुलगा तिकडं आहे आणि नाणी माझ्या डब्यात आहेत. ती एलियाला द्यावीत. थाळी दीनाची.

कलम तिसरे, सुरी. शिमशोन कोंबडं-बकरं रीतीनं कापत. पात्याची धार नखावरून फिरवून बघत आणि बारीकशी खाच लागली तरी कापत नसत, मग पाहुणे उपाशी बसले तरी चालेल. एलिया एकदा म्हणाला होता की बाबांकडे त्याचं प्रमाणपत्र नव्हतं. सुरी एलियालाच द्यावी. त्यानं ती एकदा स्वतःच्या नखावरून फिरवून बघावी.

कलम चौथे. हेच खरं मृत्युपत्र, बाकी सगळी भांडीकुंडी.

शिमशोन शहाण्णव साली गेले. पुण्या-सोलापूरची माणसं रात्रभर प्रवास करून आली. इथं यहुदी दफनभूमी कुठली? शेजारचे वीरप्पा लिंगायत. ते म्हणाले, "वहिनी, आमीबी मातीतच जातो. माझ्या रानाचा कोपरा घ्या. डॉक्टरसायबानं माझी लई जनावरं वाचवली." नंतर त्यांनी ती जागा रीतसर माझ्या नावावर करून दिली.

दफन झालं. राहिला कादिश, म्हणजे मेलेल्या माणसामागं म्हणायची प्रार्थना. तिला दहा यहुदी पुरुष एकाच जागी उभे लागतात. आमच्यात माणसं आकड्यानं मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे. एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं. प्रार्थना चालवायला शहरातून एक हज्जान आले होते. त्यांनी मोजलं. नऊ शब्द झाले, दहावा त्यांच्या तोंडातच राहिला.

दहावा माणूस होता. यहेज्केल कोहेन कुंपणाबाहेर गाडीवाटेवर, भर उन्हात उभे होते. कोहेनला परक्याच्या कबरीजवळ जाता येत नाही, तो त्यांचा नेम. मी त्यांना कधीच बोल लावला नाही. आत यायचं नव्हतं, तरी ते आले होते.

मी हज्जानांना म्हणाले, "तुम्हीच सगळे बाहेर या. वाटेवर उभं राहून म्हणा. दहा होतील."

ते म्हणाले, "कादिश कबरीपाशीच व्हायचा. बाईंनी यात बोलू नये." आणि पुस्तक मिटलं.

त्या नऊजणांत माझा एलिया होता, चोवीस वर्षांचा. तो मातीकडं बघत राहिला. वीरप्पांनी मला हळूच विचारलं, "वहिनी, तुमच्यात जंगम कोण म्हणायचा? बाहीर उभा हाय त्यो, का आत हाय त्यो?" जंगम म्हणजे त्यांच्यातले पुरोहित. उत्तर आज देते. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा. कोहेन म्हणजे वंशाचा मान. रब्बी म्हणजे शिकलेला, नियमाचा निवाडा देणारा. त्या दिवशी तिथं रब्बी कोणी नव्हता, आणि माझं कोणी ऐकलं नाही.

एलियानं पुढं तिकडं अकरा महिने रोज कादिश म्हटला. तो देवानं ऐकला असेल. मी ऐकलेला नाही, आणि या मातीनंही नाही.

गेल्या दिवाळीत एलियाचा फोन आला. बाबांना उकरून पवित्र भूमीत न्यायचं, आणि माझीही सोय तिथंच करायची, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आधी मला एका रब्बीला प्रश्न विचारायचा आहे, परक्या बाईनं विचारावा तसा. नऊ कुंपणात, एक बाहेर. नऊजण बाहेर आले तर कादिश चालतो का? मग तो म्हणाला, "चालतो." आणि नंतर, "तेव्हाही चालला असता, आई."

रब्बीचा निवाडा मला मान्य आहे. मुलाचा हट्ट मान्य नाही. सबब हुकूम असा:

शिमशोनना कोणी हलवू नये. मलाही त्यांच्या शेजारीच, याच रानात ठेवावं. पवित्र भूमी मी इथंच मानते. एका लिंगायतानं न मागता दिली, आणखी काय पवित्र असायचं? माझी कबर त्यांच्या आतल्या बाजूला खणावी. वाटेकडचे चार हात मोकळेच राहू द्यावेत, नाहीतर कोहेनला तिथं उभं राहता येणार नाही. यहेज्केल आता नाहीत. त्यांचा मुलगा नाथानेल यायला तयार आहे.

त्या जागेची मालकी दीनाकडे, तिच्यानंतर वीरप्पांचा मुलगा धुळाप्पा याच्याकडे. नांगर तिथून फिरवू नये, एवढीच अट. शिमशोनचा कोट आणि जनावरं तपासायची पेटीही धुळाप्पालाच. वस्तू मिळणार म्हणून त्याला साक्षीदार करता आलं नाही, त्याबद्दल तो रुसला आहे. त्यानं आणखी एक सुचवलं होतं: "काकू, एखादा कमी पडला तर म्या टोपी घालून हुभा ऱ्हातो. कोण बघतंय?" मी म्हटलं, ज्याच्यासाठी करायचं तोच बघतोय. धुळाप्पानं जवळ उभं राहावं, मला फार बरं वाटेल. पण मोजणीत घेऊ नये. नियम मोडून मला काही नको. नियमात जे बसत होतं आणि दिलं नाही, तेच मागते आहे.

दहा भरले नाहीत, तर कादिश म्हणू नये. दीनानं स्तोत्र वाचावं, साक्षीदार सत्यभामाबाईंकडून मलिदा सगळ्यांना वाटावा आणि माणसांना घरी जाऊ द्यावं.

पण दहा भरतील. इतकी वर्षं मी शिमशोनच्या स्मरणदिनाला माणसांना बोलावत आले. कधी तीन आली, कधी चार. माणसं बोलावणं टाळतात, मयत टाळत नाहीत. माझ्या मयतीला ती येतील. म्हणून माती देऊन झाली की सगळ्यांनी गाडीवाटेवर यावं. ते जुने हज्जान हयात असून आले, तर त्यांनाही बाहेर आणावं. त्यांना खुर्ची द्यावी, पुस्तक देऊ नये.

मोजणी दीनानं करावी. मोजणीत बाई धरत नाहीत, हे मला माहीत आहे. मोजू नये असं कुठं लिहिलेलं नाही. तेही मी रब्बीला विचारून घेतलं आहे. तिनं एलियापासून सुरुवात करावी आणि दहावा शब्द नाथानेल कोहेनवर ठेवावा, मोठ्यानं.

मग एलियानं कादिश म्हणावा. पहिला त्याच्या बाबांसाठी. अठ्ठावीस वर्षं ते थांबले आहेत. माझा नंतर म्हटला तरी चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि त्यात काही कमी करायला नकार दिला.

ठिकाण : जळकोट
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

(सही) मिल्का शिमशोन पेझारकर

आमच्यासमोर मिल्काबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. (सही) सत्यभामा बलभीम कदम, निवृत्त मुख्याध्यापिका, जळकोट
२. (सही) डॉ. सोमेश गौरीशंकर पाटील, जळकोट