जावईबापूंची नोकरी

ता. २ ऑगस्ट

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमची लेक शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच द्या आणि पाकिटावर माझं नाव मोठ्या अक्षरात घाला, नाहीतर तीच आधी फोडेल.

या परक्या देशातही तिचं उत्तम चाललंय. नव्या नोकरीत, रुग्णालयात सगळे तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. माझं म्हणाल तर कपडे, भांडी आणि अर्ज. इथल्या तिन्ही इंटरनॅशनल स्कूलनी मला गोड शब्दांत वाटेला लावलं. त्यांची शिक्षकभरती म्हणे हिवाळ्यातच उरकते. बायकोच्या मागून आलेल्या नवऱ्याची वाट बघत कोण बसणार? एका मुलाखतीत विचारलं, तुमच्या तासाला मुलं किती बोलतात. मी अभिमानाने सांगितलं, अजिबात नाही. सगळं मुसळ केरात.

तिकडच्या आमच्या शाळेने दिलेली बिनपगारी रजा महिनाअखेर संपते. तोवर काम मिळालं नाही, तर मी परत येऊन गणिताचे तास घ्यायचे आणि तिने इथे एकटीने राहायचं, असं आमचं ठरलंय. ठरवताना दोघंही अगदी शहाण्यासारखे बोललो. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

लोभ आहे तसाच राहू द्या, जावई रिकामा असला तरी.

तुमचा,
जावई

ता. १२ ऑगस्ट

चि. जावईबापूंना,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पण आधी माझा पराक्रम ऐका. परवा एका लग्नात तुमच्या मावससासूने चारचौघींत विचारलं, जावई काय करतात तिकडे? विचारताना तोंड असं केलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठोकून दिलं की मोठ्या शाळेत गणित शिकवतात, मुलं जीव टाकतात त्यांच्यावर. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी तुम्हाला शाळेची गाडीसुद्धा देऊन टाकली.

मागच्याच खुर्चीवर तुमचे मुख्याध्यापक. दुसऱ्या दिवशी घरी हजर! तोंडभरून अभिनंदन केलं आणि म्हणाले, आता राजीनामा लवकर मागवून घ्या, म्हणजे त्यांच्या जागेवरच्या तात्पुरत्या शिक्षकाला कायम करता येईल. मी चहाच्या निमित्ताने आत पळाले.

आता तुम्ही म्हणाल तसं. म्हणाल तर जाऊन खरं सांगते. माझं नाक कापलं जाईल, पण तुमची जागा जायला नको. आमच्या लेकीला, चिमीला, यातलं अक्षर कळू देऊ नका, ती मला फाडून खाईल.

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला त्यांच्याबरोबर माफीही मागते.

तुमची,
सासू

ता. २१ ऑगस्ट

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

गाडीचा रंग कोणता सांगितलात तेवढं कळवा, म्हणजे माझ्या बोलण्यात घोळ व्हायला नको. आणि मुख्याध्यापकांकडे मुळीच जाऊ नका.

इथल्या वाचनालयातल्या बाईंनी सुचवलं म्हणून मी बदली शिक्षकांच्या यादीत नाव घातलं होतं. कोणी आजारी पडलं की यादीतल्या माणसाला बोलावतात. सोमवारी मला एका शाळेचं बोलावणं आलं, तेही सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गावर. मी जन्मात आठवीच्या खाली उतरलो नव्हतो.

सवयीने दारातच थांबलो, वर्ग उठून उभा राहण्याची वाट बघत. इथे ती पद्धतच नाही. मुलं माझ्याकडे बघतायत, मी मुलांकडे, आणि मागे मुख्याध्यापिका बसलेल्या. शेवटी पुढचे दात पडलेली एक मुलगी उठली, माझा हात धरून मला एका चिमुकल्या खुर्चीपाशी नेलं आणि समजावलं की पहिल्या दिवशी सगळ्यांनाच भीती वाटते, तीही गेल्याच आठवड्यात आलीय, मी तिच्याशेजारी बसावं. आई, मी बसलो. गुडघे हनुवटीला लागले. तिथूनच रंगीत खडूंच्या वाटण्या करत गणित शिकवलं. मुलं मोठमोठ्याने हिशेब करत भांडत होती, आणि मला एकदाही त्यांना गप्प करावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी सांगितलं की गणिताची जागा नाही, पण याच वर्गावर एका सत्रासाठी मदतनीस शिक्षक हवा आहे. वर्गशिक्षिका माझ्यापेक्षा बरीच लहान. घरी येऊन मी ताठ्यात जाहीर केलं की नाही म्हणणार, एवढी वर्षं वर्ग गाजवून आता पोरांची नाकं पुसू काय?  तुमची लेक उठली आणि कपाटावरची माझी प्रवासाची बॅग काढून माझ्यापुढे उघडून ठेवली. ती उघडी बॅग बघून मला रडूच फुटलं. सकाळी जाऊन हो म्हणून आलो. राजीनामाही वेगळ्या पाकिटातून धाडलाय. जागा खालची आहे, पण मला ती हवी आहे.

माया कमी करू नका. मदतनिसालाही ती लागते.

तुमचा,
जावई

ता. २ सप्टेंबर

चि. जावईबापूंना,
अ. उ. आ.

जाऊ नका म्हणालात, पण तुमचं पत्र येईपर्यंत दम कोणाला होता? महिना संपत आला होता. गेले शाळेत आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मी थाप मारली, जावयांना काम नाही, जागा राखून ठेवा. मुख्याध्यापक भला माणूस, ठेवतो म्हणाले. दोन दिवसांनी त्यांच्या हातात तुमचा राजीनामा! काम आता खरंच मिळालंय हे सांगायला पुन्हा गेले, तर माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना. शेवटी तोवर आलेलं तुमचं पत्र वाचून दाखवलं. रडूपर्यंतचं सगळं वाचलं, रागावू नका. मुख्याध्यापक चष्मा पुसत बसले होते.

चिमी लहानपणापासून अशीच. हवं ते तोंडाने कधी मागणार नाही. तुम्हाला ते न बोलता कळलं, याहून मला काय हवं?

काल मावससासू आली होती. तिने पुन्हा विचारलं. मी सांगितलं की लहान मुलांच्या वर्गात मदतनीस आहेत, मुलांच्या खुर्चीत बसून शिकवतात. वाटलं होतं, सांगताना आवाज पडेल. पण छे! ती चपला घालून दारात उभी राहिली तरी मी तुमच्याबद्दलच बोलत होते, आणि या खेपेला त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

दोघांना मिळून भरपूर आशीर्वाद, वाटून घ्या.

तुमची,
सासू