काळा निघालेला बिल्ला

दि. ९, सकाळ

ताईस नमस्कार.

पण तू पुन्हा तेच लिहिलंस! "बायको बाळंत व्हायला आली आणि हे महाशय फुलांत रमलेत." कोण रमतंय फुलांत? रजा मिळत नाही म्हणून तीनदा लिहिलं, तरी तुझं पालुपद चालूच. आणि भावोजींना सांग, किरणं अंगाला चिकटून घरी येत नाहीत. किरणं म्हणजे काय भिंतीचा ओला रंग आहे?

तुझ्या भावजयीची पाठ अजून दुखते का? तुझ्या घरी आहे म्हणून मला तेवढा तरी धीर आहे.

माझं काम तेच. शेवंतीचे फुटवे ट्रेमध्ये रोवायचे, ट्रे जाड भिंतींच्या खोलीत ठेवायचे, बाहेर येऊन दार लावायचं. मग आत किरणं सोडतात. नंतर ते फुटवे वाफ्यात लावायचे नि वाट बघायची. निम्मे जळतात. काहींची पानं मुरडतात, काहींचं फूल अर्धंच उमलतं. हजारात एखादं नव्या रंगाचं निघतं, मग आमच्या बाई, म्हणजे साहेबच, चष्मा पुसून पुन्हा बघतात. बाकीची रोपं उपटून टाकायचं काम माझ्याकडे.

इथवर लिहिलं आणि चहा पिऊन आलो. आता खरं लिहितो.

आमच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं, म्हणून दर महिन्याला तो तपासायला जातो. पण फुटवे रोवायला वाकलं की तो लोंबतो आणि कोंब मोडतात. मग आम्ही सगळेच तो ट्रेच्या काठाला अडकवतो. दहा महिन्यांपूर्वी माझा बिल्ला पार काळा निघाला. बाई म्हणाल्या, "अरे गाढवा, हा ट्रेबरोबर आत गेला! अंगावर असता तर आज उभा नसतास." रक्त तपासलं, चांगलं निघालं. त्यांच्यापुरता विषय संपला.

पण बिल्ला ट्रेलाच राहिला ते चार दिवस मी त्याच्याशिवायच वावरलो. त्या दिवसांत काही पडलं असेल तर सांगणार कोण? तेव्हा ही इथेच होती, ताई. बोटांवर महिने मोज, म्हणजे कळेल. बाई शपथेवर सांगतात, बाळाला काही होणार नाही. पटतं. पण मुरडलेलं रोप उपटायला वाकलो की पटेनासं होतं.

हिला मी यातलं काही बोललेलो नाही. बाळ झालं की तिच्या आधी तू बघ. ओठ, बोटं, पाठ. "बाळ-बाळंतीण सुखरूप" असलं छापील लिहू नकोस, असेल ते लिही. आणि कसंही असलं तरी ते माझंच, हे हिला सांग. मी सांगायला हवं, माहीत आहे.

रजा मंजूर आहे. होऊन पंधरा दिवस झाले. दोनदा तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो आणि दोनदा खिडकीपाशी पोचून मागे फिरलो. हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझा पळपुटा भाऊ

बाळंतपणाचे आणि माझ्या तिकिटासाठी काढून ठेवलेले मिळून नऊ हजार सहाशे पाठवतोय.