दार लावण्यापूर्वीची थाप

३ मार्च
आले एकदाची! बंदरालगतच्या मोकळ्या मैदानात रंगीबेरंगी कंटेनर मांडून चित्रप्रदर्शन भरवलंय आणि त्यातल्या शेवटच्याची राखणदार मी. निवृत्त मुख्याध्यापिकेने फुकटात स्टुलावर बसायचं, याला माझी बहीण खूळ म्हणते. म्हणू दे. त्या कंटेनरमध्ये माझ्या लेकीचं शेवटचं काम आहे. ते उभारून झालं आणि ती तापाने गेली. आता ते परक्याने राखावं?

तिने स्वतःची लहानपणची खोली उभी केलीय. पलंग, रंगवलेली खिडकी, पत्र्याला टेकवलेलं, मागची फळी नसलेलं कपाट. क्युरेटरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, हा म्हणे अनुपस्थितीचा अवकाश. डोंबल! आठ वर्षांच्या पोरीची खोली आहे ती. आणि आमच्या घरी पडदा निळा होता, इथल्यासारखा हिरवा नव्हे.

५ मार्च
चौकीदाराला सगळे पैलवान म्हणतात. अंगावर मूठभर मांस नाही. त्याने इथला नियम शिकवला. कंटेनर आतून उघडत नाही. म्हणून संध्याकाळी दार लावण्यापूर्वी पत्र्यावर तीन थापा मारायच्या आणि थांबायचं. आतून उत्तर आलं नाही, तरच कडी. मागे एक जोडपं रात्रभर आत राहिलं होतं म्हणे. सकाळी दार उघडलं, तर लग्न मोडलेलं. कितीतरी दिवसांनी हसले.

९ मार्च
कपाटात डोकावले. लपंडावात ती मला ओढून कपाटात घ्यायची. तिचे बाबा शोधायला आले की मला हसू फुटे. मग माझ्या तोंडावर घट्ट हात दाबून धरायची. त्या हाताला पेन्सिलीचा वास असायचा.

१४ मार्च
तीन थापा मारल्या. आतून तीन आल्या.
आत जाऊन पाहिलं. कोणी नाही. कपाट मात्र किलकिलं. पैलवान म्हणतो, उन्हाने तापलेला पत्रा संध्याकाळी आकसतो, वाजतो. वाजत असेल. विज्ञान मीही शिकवलंय. पत्रा वाजतो, मोजत नाही.

१७ मार्च
थापा रोज येतात. पैलवानाला आता लांबच ठेवते. चादर मधोमध दबलेली. उशीला तोच वास.
भीती वाटते. रविवारची त्याहून जास्त. प्रदर्शन संपणार, खोलीसकट कंटेनर बोटीवर चढणार, कुठल्याशा दूरच्या बंदराला. क्युरेटरबाईंना म्हटलं, खोली मला द्या. म्हणाल्या, "मावशी, हे सगळं तात्पुरतंच असतं." मी हिची मावशी कधी झाले? म्हटलं, लेक तात्पुरती निघाली, तेवढं पुरे नाही का?

२० मार्च
आता मी थाप मारायच्या आधीच— कपाटातून. आणि हसू. दाबून धरलेलं.
घरी जाववत नाही. इथे बसवत नाही.

२२ मार्च, रविवार
क्रेन आली. पैलवान दार लावून सील ठोकणार. त्याचा निरोप घेऊन फाटकापर्यंत गेले, त्याची पाठ वळताच परत आले. एकदाच कपाटात बसायचं, बस. त्याची थाप ऐकली की उत्तर देईन, तो उघडेल. नियमाचा पक्का आहे.

कपाटात आहे. विजेरीच्या उजेडात लिहितेय. कोणी नाही. नुसतं लाकूड. वेडी म्हातारी.

दार लोटलं त्याने. फटीतला उजेड गेला.
एक थाप— दोन— तीन—
थांबलाय. हाक मारायला हवी—

तोंडावर हात. एवढासा. गार, किती गार— पेन्सिलीचा वास—

माझे हात मोकळे आहेत. पत्रा इथेच, कोपराशी. मारता येतील. तीन थापा, बस—

हसतेय ती. बाहेर कडी—

अगं, मी कुठे आवाज कर—