खाजगी बोलण्यासाठी घेतलेला फोन

२ नोव्हेंबर १९९८
आज नागपूरहून कॉर्डलेस फोन आणला. अल्लीपुरातला पहिला. हातात धरा, घरभर फिरा, वायर नाही.

कारण गंभीर आहे. रक्षासाठी स्थळं पाहणं सुरू केलं आहे. आपल्याकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होईपर्यंत सोयरिकीची बातमी बाहेर जाऊ द्यायची नसते. गेली की कोणीतरी भांजी मारतोच. जुना फोन बैठकीत. तिथून हिंगणघाटला साळ्याशी, म्हणजे निकेशशी, बोलायला बसलो की बायको रुख्मिणी दारामागे, रक्षा खिडकीत, आणि शेजारचे नत्थूजी तर सरळ समोरच्या खुर्चीत. खाजगीपणा शून्य.

फोनवर आयएसआय मार्क नाही. जपानी मालावर नसतोच म्हणे. विकणारा फुटपाथवर बसला होता, म्हणजे दुकानाचं भाडं नाही, म्हणजे नफेखोरी नाही. मी अल्लीपूर ग्राहक जागृती मंडळाचा संस्थापक अध्यक्ष. 'बिल घ्या, बिल घ्या' म्हणून गावाच्या कानीकपाळी ओरडणारा. पण आज बिल मुद्दाम घेतलं नाही. बिलावर नाव-पत्ता लिहितात. आपण काय घेतलं हे दुनियेला कशाला कळायला पाहिजे? गॅरंटी विचारली तर म्हणाला, साहब, आप तो समझदार हैं. माणसाची पारख होती त्याला.

४ नोव्हेंबर
संकल्प. जावई भांड्यासारखा निवडायचा. उलटा करून बूड पाहायचं, टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. माझं भांड्यांचं दुकान आहे, मला पातळ पत्रा कोणी गळ्यात मारू शकत नाही.

पहिलं स्थळ नापास. रोहणा गावचा मुलगा. नोकरी बरी, स्वभाव बरा, पण येताना मोटरसायकल रिझर्व्हवर लागली होती. जो गाडी रिझर्व्हवर चालवतो तो संसारही रिझर्व्हवरच चालवणार. हे सगळं निकेशला कॉर्डलेसवर, न्हाणीघरात कडी लावून सांगितलं. कोणाला पत्ता लागला नाही.

५ नोव्हेंबर
दुकानात पुंडलिकराव आले. मंडळाचे सचिव, आणि माझ्याशिवाय एकुलते एक सभासद. बादली उलटीपालटी करत म्हणाले, भाऊ, तुमची स्कूटर तर रिझर्व्हवर नाई ना? नंतर चहावाल्यानेही तेच विचारलं. दोघंही हसत होते.

संशय रुख्मिणीवर. विचारलं. ती म्हणाली, मी काऊन सांगू लोकाइले? तुमीच सांगून राह्यले. बायकांना यंत्रातलं कळत नाही.

९ नोव्हेंबर
आजपासून गच्चीवरून बोलायचं. उंचावर कोणाचा कान पोचत नाही. शिवाय सांकेतिक भाषा ठरवली. मुलगा म्हणजे पंखा. मुलाचा बाप म्हणजे रेग्युलेटर. मुलाची आई म्हणजे स्विच. निकेशला सगळं नीट समजावून सांगितलं. फोनवरच.

१५ नोव्हेंबर
आवाजात खरखर. ओरडावं लागतं. ओरडून खाजगी बोलणं कसं होणार? मेकॅनिकला बोलावून फोनच्या पेटीपासून वायर काढली आणि गच्चीवर टीव्हीच्या अँटेनाचा पाइप आहे त्याला जोडली. आता दणदणीत साफ. कुजबुजलं तरी निकेशला ऐकू जातं. विचार करणारा ग्राहक यंत्रावर अशी मात करतो.

१६ नोव्हेंबर
नत्थूजी सकाळीच भेटले. म्हणाले, भाऊ, आता आवाज लय साफ येते. दिवाळीत मंडळातर्फे मी गॅस सिलिंडरच्या सीलवर बोललो होतो, त्याची आठवण त्यांना आत्ता झाली असावी. खेड्यात चांगलं भाषण मुरायला वेळ लागतो.

२२ नोव्हेंबर
एक विलक्षण गोष्ट. कुठे बोलायची नाही, म्हणून इथे लिहितो. माझ्या विचारांत शक्ती आली आहे.

परवा निकेशजवळ सहज म्हणालो की नत्थूजींनी आमची शिडी पोळ्याला नेली ती अजून परत नाही. काल सकाळी शिडी अंगणात उभी, धुऊन. परवाच म्हणालो की दुकानात येणारा चहा म्हणजे कोमट पाणी झालंय. काल असा चहा आला की कप उपडा केला तरी सांडला नसता. मी या दोघांना एक शब्द बोललो नव्हतो. नुसता मनातला विचार!

निकेशला हे सांगितलं. तो म्हणाला, भाऊजी, सांभाळून राहा. मीही तेच म्हणतो. अशी शक्ती जपून वापरली पाहिजे.

२९ नोव्हेंबर
दुसरा पंखा नापास, घड्याळ मागे होतं. तिसरा नापास, हसताना कटकट आवाज करतो. रक्षा म्हणाली, बाबा, तुमाले जावई पाह्यजे का शोकेसमधी ठेवाले मूर्ती? तिला अनुभव नाही. दुपारी दुकानात बसते, हिशेब चोख ठेवते, सकाळी चूल पेटण्याआधी तिचं गाणं सुरू होतं. पण माल पारखणं वेगळं.

नत्थूजींच्या ओट्यावर हल्ली रोज संध्याकाळी रेडिओभोवती गर्दी असते. आनंद वाटला. गाव जागृत होतंय. मी गच्चीवरून उतरून तिकडे गेलो की मला मान म्हणून रेडिओ बंद करतात. काय ऐकता, विचारलं. एकजण म्हणाला, बाजारभाव. दुसरा म्हणाला, पंख्याचे. आणि सगळे खोकायला लागले. थंडी वाढली आहे.

२० डिसेंबर
२४ तारखेला ग्राहक दिन. माझं भाषण, विषय 'घरगुती यंत्रे आणि आपला खाजगीपणा'. निकेशला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. त्याला फार आवडलं. मध्येच झोपला होता, पण शेवट त्याने ऐकला.

२४ डिसेंबर
ग्रामपंचायतीसमोर भाषण झालं. चटया कमी पडल्या. पण एक गोष्ट समजली नाही. मी म्हणालो, मित्रहो, भिंतीला... आणि अख्खं पटांगण म्हणालं, कान असतात! मी म्हणालो, तसेच यंत्रालाही... पटांगण म्हणालं, कान असतात! शेवटच्या उदाहरणातला इस्त्रीवाल्याचा विनोद मी सांगण्याआधीच मागची पोरं हसली. श्रोत्यांशी एवढी एकतानता मोठमोठ्या वक्त्यांना साधत नाही. शक्तीचाच भाग.

२७ डिसेंबर
आज कारंज्याचे पाहुणे. मुलगा पियुष. हायवेवर मोटर पंप दुरुस्तीचं दुकान. सोबत त्याचे वडील अण्णाजी.

कसून तपासणी केली. गाडीची टाकी पाहिली, भरलेली. घड्याळ बरोबर. हसला, आवाज साधा. बैठकीतला होल्डर मध्येच ठिणग्या टाकतो, तो मुद्दाम दाखवला. पोराने हात लावायच्या आधी विचारलं, काकाजी, मेन स्विच कुठी हाये? बंद केला, मग उघडला, वायर कसली, परत लावला. रक्षाला विचारलं, तुमाले दुकानात बसाले आवडते? ती हो म्हणाली. तो म्हणाला, मंग माह्या दुकानाचा हिशेब कोनीतरी सुधरवाच लागते. ती हसली. मी तिला पाहुण्यांसमोर अशी हसताना पहिल्यांदा पाहिली.

दोन मिनिटांत येतो म्हणून गच्चीवर गेलो आणि निकेशला तांत्रिक अहवाल दिला. शेजारी कोणीतरी शेकोटी पेटवली होती, धूर डोळ्यांत गेला. दोनदा नाक शिंकरलं. थंडी.

खाली आलो. आमचा रेडिओ चालू होता, तो रुख्मिणीने झटकन बंद केला. अण्णाजी उपरण्याने डोळे पुसत होते. धूर खालपर्यंत गेला असावा. नत्थूजी दारात उभे, तेही डोळे पुसत. रक्षा आत निघून गेली. अण्णाजींनी उठून माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, ताराचंदजी, तुमाले खोट सापडली नाई, मंग आमाले अजून काय पाह्यजे? पोरगी आमच्या घरी येईन, पण तुमच्या घरून जानार नाई.

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. विचारशक्तीचा हा सर्वात मोठा पुरावा. पण या वेळी शक्तीचा आनंद झाला नाही. कारण आता नाही म्हणता येणार नव्हतं.

२८ डिसेंबर, संध्याकाळ
अण्णाजींना माझ्या मनातलं कसं कळलं, हे निकेशला विचारायला गच्चीवर गेलो. फोन लावला. हॅलो म्हणालो. नत्थूजींचा ओटाही हॅलो म्हणाला. निकेश म्हणाला, बोला भाऊजी. ओटाही म्हणाला, बोला भाऊजी.

आधी वाटलं, नत्थूजींनीही कॉर्डलेस घेतला आणि माझी नक्कल करून राहिलेत. हँडसेट हातात घेऊनच जिना उतरलो. ओट्यावर वीसेक माणसं, मध्ये रेडिओ, काटा उजव्या टोकाला टेकलेला. त्यातून निकेश ओरडत होता, भाऊजी, आहात का? पुंडलिकराव सरकले आणि त्यांनी चटईवर जागा केली. नत्थूजी म्हणाले, बसा भाऊ, तुमचंच चालू हाये.

रात्रीचं जेवण नाही.

२९ डिसेंबर
मागची पानं उलटून पाहिली. शिडी. चहा. इस्त्रीवाला. रिझर्व्ह. सगळं सगळं. जितका गच्चीवर चढत गेलो तितका दूर ऐकू गेलो. अँटेनाच्या पाइपामुळे अर्ध्या तालुक्यात पोचलो म्हणे.

फोनवाल्यावर खटला भरणार. पुंडलिकराव म्हणाले, भरा ना भाऊ, पन बिल लागन. गेले तोंड दाबून हसत.

भांजी कशी काय मारली नाही कोणी, हे नत्थूजींना विचारलं. ते म्हणाले, मारनार होतो ना दोघं-तिघं. पन तुमी सोताच सगळ्याइले पळवून लावत होते, आमाले काम कुठी राह्यलं? मंग गावाले वाटलं का आता पोरीचं जमलं पाह्यजे. तुमी नापास केलं का इथी बायका हळहळे.

आणि वर म्हणतात, काल मधातच बंद केलं, काऊन? लोकं आठ वाजेपर्यंत बसून होते.

३ जानेवारी १९९९
नवीन वर्षाचा संकल्प. फोन माळ्यावर. खाजगी बोलायचं ते समोरासमोर आणि दार लावून. रुख्मिणीला दार लावून सांगितलं की साक्षगंध साधंच करू, घरच्याघरी. ती म्हणाली, आता घरचे म्हंजे किती लोक, ते तुमीच सांगा.

१७ जानेवारी
साक्षगंध. बोलावलं चाळीस जणांना, आलं सगळं गाव. तारीख मी २७ तारखेलाच गच्चीवरून सुचवली होती, ती सगळ्यांच्या लक्षात होती. बुंदी संपली. नत्थूजींच्या घरून पोळ्या आल्या, चहावाल्याने मोठी किटली आणली. पियुषच्या कपाळाला लावायचा टिळा मी नाकाला लावला, तर बायका म्हणाल्या, राहू द्या भाऊ, रडा, आमी ऐकलं हाये.

मी रडत नव्हतो.

१८ जानेवारी
पाहुणे गेले. रक्षा आणि मी ओसरीत, ती भांडी पुसत होती. तिला विचारलं, तुला केव्हापासून माहीत होतं? म्हणाली, पहिल्याच दिवसापासून. स्वयंपाकघरात रेडिओ लावला आणि तुमी लागले.

मग सांगितलं काऊन नाही?

म्हणाली, सांगतलं असतं तं तुमी बोलनं बंद केलं असतं. आणि खाली पाहून तिने माझंच बोलणं मला म्हणून दाखवलं, शब्द न चुकता. निकेश, खोट सापडत नाई रे. काही केल्या सापडत नाई. पोरगं चांगलं हाये. आता द्याच लागन. सकाळी घरात गानं कोन म्हनन? मी कोनाले हाक मारू?

धुराचं मी काही म्हणालो नाही.

ती म्हणाली, बाबा, मामाले सांगतलं, गावाले सांगतलं, व्याह्याले सांगतलं. आता एकदा मले सांगा ना. तोंडावर.

बरोबर आहे तिचं. मुलगी आपली, बोलणं खाजगी, मध्ये यंत्र नाही. मी तोंड धुऊन आलो. तिच्यासमोर पाट घेऊन बसलो. काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलं. खाकरलो. म्हणालो, कारंज्याले हायवे हाये. ट्रक लय जोरात येतात. रस्ता पाहून ओलांडजो.

ती हो म्हणाली. हातातलं भांडं पुन्हा पुन्हा पुसत राहिली. बाकीचं उद्या सांगणार आहे.