दादासाठी धापा

११ फेब्रुवारी

पुन्हा झोप नाही. पाय लाकडासारखे जड, डोळे मात्र टक्क उघडे. संध्याकाळी कामावरून सुटलं की व्यायामशाळेत त्या पळायच्या यंत्रावर जीव काढायचा, आणि मग अंथरुणात पडून छातीतली धडधड ऐकायची. शेजारी हे — डोकं टेकलं की घोरायला मोकळे. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस एवढा दमतो तरी कशाने!

आणि हे सगळं कुणासाठी? तर दादासाठी. ज्याने मला जन्मभर ‘पोतं’ म्हटलं. शाळेत खेळ शिकवायचा ना तो, त्यामुळे बाकी सगळं जग त्याला बेढब दिसायचं. चारचौघांत म्हणायचा, आमचं पोतं आलं, दोन खुर्च्या लावा. आता त्या पैलवानाच्या दोन्ही किडन्या गेल्या, आणि पोत्याच्या दोन्ही ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहिणीची जुळते आहे, पण आधी वजन उतरवा, रक्तदाब खाली आणा, मग बघू.

देते म्हणून मी वहिनीला सांगितलं. त्याला नाही. तोही एक शब्द बोललेला नाही. मानी ना!

१४ फेब्रुवारी

व्यायामशाळेतल्या शिक्षकाचं नाव मी शिट्टी ठेवलं आहे. गळ्यात शिट्टी, डोक्यात हवा. आज त्याला सांगितलं, झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण राहत नाही. तर म्हणतो, थकवा मनात असतो, ताई, अजून वेग वाढवा.

मनात असतो म्हणे. मग पोटऱ्यांत गोळे येतात ते कुणाच्या?

वाढवला वेग. मूर्ख मी.

१९ फेब्रुवारी

आज कामावर तमाशा. चोवीस वर्षं कवळ्या करते आहे, असं कधी झालं नव्हतं. मेणात दात बसवता बसवता मान लुढकली, आणि जाग आल्यावर तशीच पुढे बसवत सुटले. डाव्या बाजूच्या दाढा उजवीकडे! ती कवळी तशीच गेली असती तर तो म्हातारा घासाऐवजी स्वतःचा गाल चावत बसला असता. मालकाच्या वेळेत लक्षात आलं. रागावला नाही. नुसता कवळीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन जेवले नाही. वजन उतरवायचं आहे ना. कपभर कडक चहा घेऊन व्यायामशाळेत.

२० फेब्रुवारी

नाही झोप.

२३ फेब्रुवारी

दादाला भेटायला दवाखान्यात गेले. रक्त शुद्ध करणाऱ्या त्या यंत्राला हात जोडून पडलेला. म्हणजे नळीने जोडून — नमस्कार वगैरे तो कुणाला करायचा नाही. मला वाटलं, आज तरी काही बोलेल. बोलला.

“पळताना आधी टाच टेकवतेस की चवडा?”

घ्या! जिची किडनी घ्यायची तिलाच पळायला शिकवतोय. म्हटलं, मी पडत नाही एवढं पुरे. तर डोळे मिटून म्हणाला, गुडघे जातील तुझे.

हात केवढा बारीक झालाय त्याचा. ह्याच हाताने माझ्या वेण्या ओढायचा. बरं झालं, असं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

२ मार्च

वजन उतरलं. आणि रक्तदाब चढला! एवढ्या धापा टाकून वर चढला!

डॉक्टरीणबाईंनी वजनाकडे बघितलंसुद्धा नाही. झोपता किती, व्यायाम कधी करता, त्यानंतर खाता काय, सुट्टी कधी घेता, हेच विचारत बसल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही व्यायाम करत नाही आहात, स्वतःला शिक्षा करताय. असंच चाललं तर मी तुमची किडनी घेणार नाही.”

मग हुकूम सुटले. रात्रीचं पळणं बंद, सकाळी चालायचं. बोलता येईल इतक्याच वेगाने. व्यायामानंतर पोटात काहीतरी जायलाच हवं, रात्रीचं जेवण चुकवायचं नाही. दुपारनंतर चहा नाही. मधे मधे पूर्ण विश्रांती. पाळी जायच्या वयामुळे रात्री अंग तापतं त्यावरही औषध दिलं. पन्नाशीतलं शरीर विशीतल्यासारखं लगेच भरून येत नाही, म्हणाल्या. हे ऐकायला मला एवढं शिकलेलं माणूस लागलं.

५ मार्च

बोलता येईल इतक्या वेगाने चालायचं. पण बोलू कुणाशी? हे उठत नाहीत. मग दादाला शिव्या देत चालले. मोठ्याने. कोपऱ्यावरचा दूधवाला बघत राहिला. दम अजिबात लागला नाही, आणि शिव्याही संपल्या नाहीत.

८ मार्च

परत येऊन दोन अंडी, एक केळं. खाताना चोरी केल्यासारखं वाटतं. शिट्टीचा फोन आला होता, ताई, खंड पडू देऊ नका. मधेच बंद केला.

१२ मार्च

झोपले!

१३ मार्च

पुन्हा झोपले. ह्यांचं घोरणं ऐकूच आलं नाही. सकाळी हे म्हणतात, तूच घोरत होतीस. खोटारडे.

२६ मार्च

कवळ्या सरळ, हात सरळ. मालक आज माझ्या मेजापाशी न थांबता पुढे गेला. याहून मोठं कौतुक त्या माणसाला जमत नाही.

२ एप्रिल

रक्तदाब उतरला. बाई म्हणाल्या, घेते तुमची. परीक्षेत पास झाल्यासारखी हसले मी. या वयात!

संध्याकाळी दादाचा फोन. स्वतःहून. आधी बराच वेळ नुसता खोकत होता.

“भीती वाटत असली तर नाही म्हण. मी रागावणार नाही.”

“तू रागावून करणार काय आहेस?”

हसला. मग म्हणाला, झोप लागते ना आता? आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, माल चांगला राहावा म्हणून चौकशी का? तो हळूच म्हणाला, “तसं नाही गं.”

फोन ठेवल्यावर उगीचच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

७ एप्रिल

दादाला किडनी मिळाली. माझी नव्हे.

त्याचं नाव कुठल्या यादीत आहे, हेही मला माहीत नव्हतं. अपघातात गेलेल्या कुणा परक्या माणसाच्या घरच्यांनी दिली. शस्त्रक्रिया पार पडली, दादा बरा आहे, आता तुम्हाला काही करायला नको, असं वहिनी फोनवर रडत रडत सांगत होती.

मीही रडले. वहिनीला वाटलं, आनंदाने. तसंच वाटू दे.