तव्यावरची पूड

वालूर,
११ मार्च १९८८

प्रिय नागनाथ,

आज सकाळी भट्टीवरचे पत्रे उतरवून गिऱ्हाईक घेऊन गेलं. दुपारी तुझं पत्र आलं. ऊन फार होतं.

तुझे दाजी जाऊन चार महिने झाले, त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. तुझे नमुने फसले, एवढंच आहे. कुरुंदाच्या दगडाची पूड ॲल्युमिनियमच्या रसात मिसळत नाही, वर तरंगते, गुठळ्या होतात. ओतलेली कांडी साध्या ॲल्युमिनियमपेक्षा लवकर झिजते, एका घावात तुटते. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा आहे आणि दाजींनी आपल्या प्रयोगांच्या वहीत काहीतरी लपवलं, असा तुझा संशय.

ती वही तू माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी नेलीस. डोळे पुसायचा रुमाल घडी न मोडता परत खिशात गेला, तेही मी पाहिलं.

भांडी झिजू नयेत म्हणून हे रसात कुरुंद घालून बघायचे; फिरत्या सहाणेवर कांडी धरायचे, वर पाच किलोचं वजन, तासभर. मग शिवलिंग सोनाराच्या काट्यावर झीज मोजायचे. सोनाराचा काटा बघून तू थट्टेनं म्हणायचास, "दाजी, आता भांड्यांना कानातल्या बाळ्या करा!" त्याच आकड्यांवर तू लेख छापलास. तुझं नाव ठळक अक्षरांत, यांचं 'एक खेडूत कारागीर'. यांनी तो लेख वहीत चिकटवला. यांना राग आला नाही. मला आला. तेव्हा बोलायला हवं होतं.

यांनी काही लपवलं नाही. जे काम माझं होतं, ते यांनी लिहिलं नाही, एवढंच. आठवतं, गेल्या उन्हाळ्यात तू चुलीपाशी आलास आणि म्हणालास, "अक्का, शिरा करायलीस का?" आणि हसत भट्टीकडे गेलास. तव्यावर रवा नव्हता, कुरुंद होता. पूड तासभर भाजून, गरम असतानाच रसात टाकायची. दमट पूड रस धरत नाही. इतकी वर्षं शिकलास, पण तव्यात वाकून पाहिलं नाहीस.

हे सांगायलाच लिहिलं. घे, पदवी मिळव. यांचं नाव मात्र आता घालू नकोस. तुझ्या नावाशेजारी ते मला नको.

तवा राखेनं घासून ठेवलाय. आता त्यावर माझ्यापुरती एक भाकरी टाकते.

तुझीच, पाठचा म्हणून तुला लाडावून ठेवलं ही चूक जिची, ती
अक्का