वरमाईचा रुसवा

आई, काल दुसऱ्या कुणाची तरी आई रुसलेली पाहिली आणि मी जळून खाक झालो. उगाच गोड बोलत नाही, हेवा वाटला, चांगला पोटात दुखेपर्यंत. इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसलोय ते त्यापायीच.

मावशीच्या मुलीचं लग्न आठवतंय ना? मुलाची आई थंड कॉफीवरून रुसून कोपऱ्यात जाऊन बसली होती आणि तू जायफळ घातलेली वाफाळती कॉफी नेऊन, हातापाया पडून तिला उठवलंस. घरी आल्यावर ओट्याशी तिची नक्कल चालू. पदर खोचलेला, तोंड भिंतीकडे, गाल फुगवलेले. मी हसून हसून लोळतोय आणि तू मागे वळून दटावतेस, "हसतोस काय रे? तुझ्या लग्नात मी वरमाई! असा रुसवा धरीन की मांडव बघत राहील. आत्तापासून मनधरणी शिकून ठेव." पुढच्या वर्षी तू गेलीसच. मला बायको नको, नवरा हवा, हे तेव्हा माझं मलाच धड उमगलं नव्हतं. तुला सांगायचं राहूनच गेलं.

इथे ऑकलंडला माझ्याबरोबर एक इलेक्ट्रिशियन राहतो. भला माणूस आहे, घरात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरतो एवढाच दोष. दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करता येईल असा कायदा झाला, तेव्हा पार्लमेंटच्या गॅलरीत लोक उभे राहून गायला लागलेले आम्ही टीव्हीवर पाहिले. तो रडला आणि त्याने तिथेच, सोफ्यावर, मला विचारलं. मी म्हटलं, बघू. तेव्हापासून बघतोच आहे. तो "स्वीट अ‍ॅज" म्हणतो, म्हणजे चालेल की, आणि वाट पाहतो. माझ्या बाजूने रुसायला कुणी नाही, मग कसलं लग्न, हे त्याला इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कधी जमलं नाही.

तर काल माझ्या पेनरोजच्या ऑफिसातल्या नाशिकच्या पोराचं लग्न होतं. त्याचा नवरा इथल्याच टाकानिनी उपनगरातला, लग्न तिथल्याच हॉलमध्ये. दोघांनाही मुंडावळ्या, मधे अंतरपाट, मंगलाष्टकं मोबाइलवरून. पोराची आई खास नाशिकहून आलेली. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, लोक जेवायला वळले आणि बघतो तर काकू गायब! हॉलच्या किचनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर, फ्रिजकडे तोंड करून बसलेल्या. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. टाकानिनीच्या पोराची आई बिचारी माझा दंड धरून विचारते, "इज इट बिकॉज दे आर बोथ बॉइज?" सगळ्यांना तेच वाटलं. मलाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं, की चला, कुणाचीच आई एवढी मोठ्या मनाची नसते.

मी आत गेलो. म्हटलं, "काकू, दोघं एकमेकांना फार जपतात हो." तर त्या फाडकन म्हणाल्या, "जपतात ते दिसतंय मला, आंधळी नाहीये मी! लग्न छानच झालं. पण मी मुलाची आई ना? अक्षता पडून एवढा वेळ झाला, विहिणीने साधी कॉफी तरी विचारली का?"

आई गं! मला हसू आवरेना आणि त्याच वेळी मत्सरही दाटून आला. रुसायला आधी लग्न खरं मानावं लागतं. त्या बाईने ते कधीच मानून टाकलं होतं आणि आता हक्काने भांडायला बसली होती. मी बाहेर जाऊन विहिणीला समजावलं. ती ट्रेमध्ये कॉफीचा मग घेऊन आली, इथल्या माओरी नमस्कारासकट "किया ओरा, डिअर, प्लीज" म्हणत वाकली. काकूंनी मान वळवली. पुन्हा विनवणी, पुन्हा मान वळवली. मग घोट घेऊन म्हणाल्या, "पाणचट आहे. पण असू दे." दोघी गळ्यात पडल्या. मी सिंकपाशी उभा राहून नुसता धुमसत होतो.

काकूंच्या ते लक्षात आलं असावं. "तुझं कधी रे?" म्हणाल्या. मी म्हटलं, माझी आई नाही. "म्हणजे रुसायला कुणी नाही, एवढंच ना? मी येते. पण माझं नुसत्या कॉफीवर भागणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." घरी येताना गाडीत मी आमच्या इलेक्ट्रिशियनला म्हटलं, काकू परत जायच्या आत उरकून टाकू या. त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, त्यांना खायला काय आवडतं?

आई, तू आली असतीस का, मला माहीत नाही. लोकांना मात्र मी बिनधास्त सांगतो, माझी आई नाचत आली असती. हे पत्र कुठे टाकणार, ड्रॉवरमध्येच राहील. पण माझ्या लग्नात तुझ्या जागी दुसरीच बाई गाल फुगवून बसणार आहे आणि तू शिकून ठेव म्हणालेली मनधरणी मी तिची करणार आहे. यावरून तरी रुस ना गं.